उन्हात विरलेली विहीर

हल्ली सकाळी पेपर उघडला की कुणी ना कुणी ब्लूप्रिंट जाहीर करत असतो. पुढाऱ्याकडे शहराच्या विकासाची ब्लूप्रिंट असते, क्लासवाल्याकडे दहावीच्या यशाची असते, आणि परवा तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीच्या सफाईची ब्लूप्रिंट मांडली गेली. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. माझ्या नाकात उगाचच अमोनियाचा वास आला. या बोलणाऱ्यांपैकी एकानेही खरी ब्लूप्रिंट हातात धरलेली नाही, हे मी पैजेवर सांगते. धरली असती तर हा शब्द त्यांनी इतक्या खात्रीने वापरला नसता.

मी ट्रेसर होते. आयटीआयचा कोर्स करून बाविसाव्या वर्षी नाशिक रोडला रशीदभाईंच्या दुकानात लागले आणि त्याच दुकानातून म्हातारी होऊन बाहेर पडले. दुकान स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका चष्मेवाल्याच्या आणि पीठगिरणीच्या मधोमध. काम दोन प्रकारचं. इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर ट्रेसिंगचा धुरकट, आरपार दिसणारा कागद ताणून मी तो शाईने गिरवायची. मग त्या एका ट्रेसिंगवरून हव्या तितक्या प्रती निघायच्या, एक नगरपालिकेला, एक बँकेला, एक गवंड्याला, एक मालकाला पाहुण्यांपुढे पसरायला.

ट्रेसरने डोकं चालवायचं नसतं, हे कोर्सलाच शिकवतात. दिसेल ते गिरवायचं, दिसत नाही ते गिरवायचं नाही. इंजिनिअरने संडासाचं दार स्वयंपाकघरात उघडलं असलं तरी तसंच गिरवायचं. मी एकदा न राहवून एका साहेबांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, तुमचा हात चालू द्या. तेव्हापासून मी हातच चालवला. दिसेल ते गिरवायचं, हे वाक्य मी आयुष्यभर ढालीसारखं वापरलं, आणि ते एकदा कसं अंगाशी आलं तेच आज सांगायला बसले आहे.

पण आधी ब्लूप्रिंट म्हणजे काय ते सांगते.

मी लागले तेव्हा खरी ब्लूप्रिंट जवळजवळ संपली होती. रशीदभाई मात्र जुन्या वळणाचे. त्यांचे वडील हेच काम करायचे, आणि वडिलांची लाकडी चौकट आणि जाड काच अजून गच्चीवर होती. एका हिवाळ्यात त्यांनी मला हौसेने वर नेलं. एका काळ्या डब्यातून पिवळट-हिरवा कागद काढला. त्याच्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी लावून तो अंधारात वाळवलेला असतो. त्यावर त्यांनी ट्रेसिंग ठेवलं, वर काच दाबली आणि चौकट उन्हाकडे तोंड करून टेकवली. घड्याळ नाही, काही नाही. त्यांनी पान लावलं, तोंडात टाकलं आणि म्हणाले, "पान संपलं की कागद तयार."

पान संपलं. त्यांनी कागद काढून हौदातल्या पाण्यात बुडवला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो निळा होत गेला. जिथे जिथे ऊन पोचलं होतं तिथे गर्द निळा. जिथे माझ्या शाईच्या रेघेने ऊन अडवलं होतं तिथला क्षार पाण्यात धुऊन गेला आणि कागद पांढरा राहिला. म्हणजे सगळी जमीन निळी, आणि घर पांढऱ्या रेघांचं. ब्लूप्रिंट हे नाव पडलं ते त्या निळ्या जमिनीवरून. विलायतेतल्या कुणा शास्त्रज्ञाला, पावणेदोनशे वर्षं होत आली त्याला, आपल्या टिपणांच्या नकला हव्या होत्या, त्या खटपटीत हा निळा सापडला म्हणतात. पुढे इंजिनिअर लोकांनी तो उचलला, कारण हाताने एक नकाशा उतरवायला दिवसच्या दिवस जायचे आणि उन्हाला एक पान पुरायचं.

पुढे मशीन आलं, त्यात अमोनियाच्या वाफेवर प्रती निघायच्या. आता कागद पांढरा आणि रेघा निळ्या, सगळं उलटं झालं, पण लोक ब्लूप्रिंटच म्हणत राहिले. आता कॉम्प्युटरवरून काळ्या रेघांचे नकाशे निघतात, तरी ब्लूप्रिंटच. अमोनियाच्या वासाबद्दल काय सांगू? दुकानात येणारा नवा माणूस आधी नाक धरून आजूबाजूला मुतारी शोधायचा. गिऱ्हाईक डोळे पुसतच पायऱ्या उतरायचं, त्यामुळे गिरणीत दळायला आलेल्या बायकांना कितीतरी दिवस वाटे की या दुकानात लोकांना काहीतरी वाईट बातमी सांगतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार नव्या बंगल्याचा नकाशा घेऊन आले आणि त्यात आपला मोती कुठे बसणार ते दाखवा म्हणाले. मोती म्हणजे कुत्रा. मी पोर्चच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढून त्यात मोती लिहिलं, आणि तो नकाशा तसाच मंजूर झाला. दुसरं एक जोडपं आठवतं, दोघंही नोकरीवाले. त्यांच्या नकाशात आतल्या लहान खोलीवर त्यांनी हौसेने 'बाळ' असं लिहून घेतलं होतं. काही महिन्यांनी ती बाई एकटीच आली. ते नाव काढून तिथे कोठीची खोली लिहा म्हणाली. मी कारण विचारलं नाही. शाई ब्लेडने खरवडून काढली, वर कोठी लिहिलं. पण खरवडलेला कागद पातळ होतो, त्याच्या ओरखड्यांत शाईची काजळी बसते, आणि मशीनमधून प्रत निघाली तर कोठी या शब्दाखाली पुसटसं 'बाळ' उमटलेलं. मी पुन्हा खरवडलं, पुन्हा प्रत काढली, पुन्हा तेच. शेवटी मी पूर्ण नकाशा नव्याने गिरवला आणि त्याचं काही घेतलं नाही. कागद विसरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझं काम करताना हे कळलेलं बरं असतं, पण कळल्यावर जरा भीतीही वाटते.

रशीदभाईंनी मला जुन्या निळ्या कागदाची एक खोड सांगितली होती. हा निळा उजेडात ठेवला की फिका पडतो. वर्षानुवर्षं उन्हात टांगलेली ब्लूप्रिंट जुन्या धुतलेल्या लुगड्यासारखी होते, बारीक रेघा तर दिसेनाशा होतात. पण तोच कागद अंधारात, मोकळ्या हवेत ठेवला की निळा हळूहळू परत येतो. विरलेल्या रेघा उठून दिसायला लागतात. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि त्यामागचं रसायन मला कुणी समजावूनही दिलेलं आहे, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. म्हणून दुकानाचा नियमच होता. जुनी निळी कॉपी आली की लगेच गिरवायला घ्यायची नाही. लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात ती तीन-चार दिवस ठेवायची. रशीदभाई म्हणायचे, "बेटा, उन्हातला कागद अर्धंच सांगतो. त्याला अंधारात जरा झोपू दे, मग बोलेल."

सोपानराव आले तेव्हा रशीदभाई एका लग्नासाठी मालेगावला गेले होते.

सोपानराव म्हणजे शहराच्या कडेला भाजी आणि झेंडू करणारे शेतकरी. त्यांनी शेताचा एक तुकडा प्लॉट पाडून विकायचा ठरवला होता. इंजिनिअरने हद्द मोजलेली होती, पण जमिनीतले जुने पाट, पाइपा, विहिरी कुठे आहेत ते दाखवायला वडिलांच्या वेळचा एक नकाशा होता, पंपाचं इंजिन बसवताना करून घेतलेला. ती खरी निळी ब्लूप्रिंट होती. सोपानरावांनी ती काचेच्या फ्रेमसकट आणली. घराच्या ओसरीत, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, मावळतीच्या उन्हात ती इतकी वर्षं टांगलेली होती. वडिलांची आठवण म्हणून दसऱ्याला तिला हारही घालायचे. तिचा निम्मा भाग राखाडी पांढरा झाला होता. इंजिनच्या बाजूची चालू विहीर, पाट, बांध एवढं दिसत होतं. पलीकडच्या अंगाला काही नव्हतं.

नियम मला पाठ होता. पण त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जासोबत नकाशा जोडायचा होता, बरोबर आलेला जावई सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि रशीदभाई चार दिवस यायचे नव्हते. मी म्हटलं, दिसतंय की सगळं. फ्रेममधून कागद काढला, वर ट्रेसिंग ताणलं, आणि इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणे प्लॉट पाडून दिवसभरात लेआउट गिरवला. एक ते चौदा प्लॉट. सकाळी ते प्रती घेऊन गेले. जुना कागद सोपानराव घ्यायला विसरले, नवी स्वच्छ प्रत मिळाल्यावर त्यांना त्याची गरजही वाटली नसेल. मी तो तळच्या खणात टाकला. नियम अशा रीतीने शेवटी पाळला गेला, काम झाल्यानंतर.

पाच वर्षं गेली. रशीदभाई अल्लाघरी गेले. त्यांच्या बायकोने दुकान माझ्या हातात दिलं, म्हणाली, त्यांना हेच आवडलं असतं. त्यांची पाटी मी बदलली नाही. एका श्रावणात, पावसामुळे कामं मंदावली म्हणून, मी लोखंडी कपाट रिकामं करायला काढलं. तळच्या खणात तो कागद होता. मी तो बाहेर ओढला तेव्हा आधी मला ओळखूच आला नाही, इतका तो निळा झाला होता. शाईच्या दौतीसारखा गर्द. आणि ज्या अंगाला काही नव्हतं तिथे एक पांढरं वर्तुळ होतं. बारीक तुटक रेघेचं, बाजूला मोडीवळणाच्या अक्षरात लिहिलेलं, 'जुनी विहीर, बंद'.

मी दुकानाचं दार ओढून घेतलं. खणातून माझं लेआउटचं ट्रेसिंग काढलं. ते त्याच कागदावर ठेवून गिरवलेलं होतं, म्हणून माप एकच. बांधाला बांध जुळवला आणि ट्रेसिंग वर ठेवलं. वर्तुळ प्लॉट नंबर सातमध्ये आलं. सातमधलं घर खैरनार सरांचं, शाळामास्तर, सटाण्याकडचे. त्या घराचा नकाशाही मीच गिरवला होता. स्केल लावून पाहिलं तर निम्मी विहीर मागच्या खोलीखाली आणि निम्मी स्वयंपाकघराखाली येत होती. सर तिथे बायको आणि म्हाताऱ्या आईसह चार वर्षं राहत होते.

त्या दिवशीच उठून जायला हवं होतं. मी गेले नाही. कागद परत खणात ठेवला.

मी स्वतःला बरंच काही सांगितलं. बंद म्हणजे बुजवलेलीच असेल. पाया खणताना गवंड्याला काही लागलं असतं की नाही? लागलं नाही, म्हणजे काही नाही. इंजिनिअरने मोजणी केली होती, चूक असलीच तर त्याची. मी ट्रेसर, दिसेल ते गिरवलं. आणि सगळ्यांच्या तळाशी खरं कारण होतं, की हे बाहेर आलं तर रशीदभाईंच्या पाटीला काळं लागेल आणि नियम कुणी मोडला हे लोक विचारतील. रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी खण उघडून बघायची. वर्तुळ मला रोज थोडं जास्त पांढरं वाटायचं. तो भास असेल. पण अक्षर मात्र खरोखरच आधीपेक्षा स्पष्ट वाचता येत होतं. असे अकरा दिवस मी काढले.

अकराव्या दिवशी दुपारी खैरनार सर स्वतः दुकानात आले. हातात छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत घराचा नकाशा. वरचा मजला चढवायचा होता, परवानगीसाठी चार प्रती हव्या होत्या. मजला कुठे चढवणार म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, मागच्या खोलीवर. मग स्वतःशीच हसले. आईला ती खोली सोडायला लावायची म्हणजे युद्धच आहे, म्हणाले. ती चार वर्षं एकच धरून बसली आहे की खाली पाणी आहे. डॉक्टरांनाही दाखवून झालं.

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, खण उघडला आणि निळ्या कागदावर ट्रेसिंग ठेवून सात नंबर दाखवला. त्यांनी वर्तुळ पाहिलं, अक्षर वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाले की कागद घेऊन घरी चला.

घर साधंच होतं, चार खोल्यांचं, पुढे तुळस आणि पारिजात. सरांची बायको सुनंदाताई माझ्याच वयाची, हसऱ्या चेहऱ्याची. मागच्या खोलीत शहाबादी फरशीवर आजींची बाज होती. मी खोलीत पाऊल टाकलं आणि तळव्यांना गार लागलं. बाहेरच्या खोलीत तसं लागलं नव्हतं. फरशीवर एक दमट पट्टा होता, बाजेच्या पायापासून निघून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखाली शिरलेला. सुनंदाताई म्हणाल्या की दर पावसाळ्यात ओल येते, पुसली तरी तिथेच येते. मी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेले. पट्टा तिथून पुढे वळत गेला होता. तो सरळ नव्हता. त्याला बाक होता, आणि तो बाक मी थोड्याच वेळापूर्वी निळ्या कागदावर पाहिला होता.

आजी बाजेवर बसून वाती वळत होत्या. सरांनी वाकून त्यांना मोठ्याने सांगितलं की तू म्हणतेस ते खरं निघतंय बहुतेक. त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. माझ्याकडे बघून आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मी तं कवयनी सांगी राहिनू. खाले पानी शे, बाई. कोनी तरी पानी शेंदस." म्हणजे, मी कधीची सांगतेय, खाली पाणी आहे, कुणीतरी ते शेंदतंय.

सुनंदाताईंनी पदराने कपाळ टिपलं. म्हणाल्या, "ताई, आधी नुसतं पाणी म्हणायच्या. गेले अकरा दिवस म्हणतात की दोराचा आवाज जवळ आलाय. आम्ही मोजलेत हो, कारण तेव्हापासून त्या रात्रीच्या झोपतच नाहीत."

अकरा. मी हाताने दाराची चौकट धरली. त्याच दिवशी मी तो खण उघडला होता. याचा अर्थ काय लावायचा ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. पाऊस तेव्हा वाढला होता, पाण्याची पातळी चढली असेल, जुनी तुळई कुठे करकरली असेल. असंच असेल. पण त्या दमट खोलीत उभं राहून मला ते पटलं नाही.

आणि मग सुनंदाताईंनी तो प्रश्न विचारला. त्यात संशय नव्हता, नुसती काळजी होती.

"तुम्हाला हा कागद सापडला कधी?"

मी म्हटलं, "कालच."

आजींनी वाती वळायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वळायला लागल्या.

त्याच संध्याकाळी सुनंदाताईंनी सासूबाईंचा बिछाना पुढच्या खोलीत हलवला आणि चूल म्हणजे गॅस ओटीवर आणून मांडला. सर कुरकुरले, रविवारी गवंडी बोलावून पहारीने ठोकून बघू, तोवर एवढी धावपळ कशाला, म्हणाले. सुनंदाताईंनी ऐकलं नाही. मागच्या खोलीत नुसती बाज राहिली.

रविवार उजाडलाच नाही त्या खोलीला. शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला, सर शाळेत असताना, सुनंदाताई आणि आजी पुढे मेथी निवडत बसल्या होत्या. मोठा आवाजही झाला नाही म्हणे. एखाद्याने लांब उसासा टाकावा तसं काहीतरी झालं, आणि मागून गार हवेचा झोत आला. मला निरोप पोचला आणि मी पोचले तोवर गल्ली जमली होती. खोलीची फरशी नव्हती, स्वयंपाकघराचीही निम्मी गेली होती. त्या जागी मोठं काळं भगदाड होतं, काठाला घडीव दगड, आणि खाली, माझ्या अंदाजापेक्षा खूपच वर, पाणी. स्वच्छ होतं. त्यावर आजींची बाज उलटी तरंगत होती आणि हळूहळू गोल फिरत होती.

सोपानरावही आले होते. काठापासून लांब उभं राहून त्यांनी हात जोडले. मी विचारल्यावर म्हणाले, "आजा सांगायचा, त्या अंगाला नांगर घालू नको. का, ते नाय सांगितलं. आमी बी नाय विचारलं. आमच्या घरात त्या जागेचं नावच घेत नव्हते."

मागाहून त्यांच्या एका म्हाताऱ्या चुलत्याकडून कळलं ते असं. घरातली एक सून तिथे पाणी शेंदायला गेली आणि परत आली नाही. तेव्हापासून ती विहीर वापरायची बंद झाली. पण जित्या पाण्याची विहीर बुजवू नये, पाप लागतं, अशी त्यांची समजूत. म्हणून तोंडावर सागाच्या तुळया टाकल्या, वर दगडी फरशा, वर कमरेएवढी माती. विहीर मारली नाही, फक्त झाकली. घराचा पाया उथळ होता, तो त्या मातीतच बसला. तुळया कुजायला किती वर्षं लागतात ते सागाला विचारायचं.

पुढचं सगळं रीतसर झालं. सोपानरावांनी विनातक्रार दुसरा प्लॉट दिला, सरांनी तिथे घर बांधलं, विहिरीला कठडा झाला. लोक माझं नाव घ्यायला लागले. नव्या घराच्या वास्तुशांतीला सुनंदाताईंनी मला पाटावर बसवून खणानारळाने ओटी भरली. आजींनी गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. सुनंदाताई सगळ्यांना सांगत होत्या की यांना कागद सापडला आणि दुसऱ्याच दिवशी धावत आल्या, देवानेच पाठवलं. मी मान खाली घालून ओटी सांभाळत बसले. त्या नारळाची बर्फी केली, ती सगळी गिरणीतल्या बायकांना वाटून टाकली.

मी किती वेळा हिशोब करून पाहिला आहे. अकरा दिवस. म्हणजे आजी अकरा रात्री त्या बाजेवर होत्या, त्या तुळयांवर, जाग्या, कान देऊन. त्यातली एक रात्र त्या शुक्रवारसारखी निघाली असती तर? कागद माझ्या खणात होता. मला माहीत होतं. काही झालं नाही हे माझं कर्तृत्व नव्हे. ट्रेसरने डोकं चालवायचं नसतं म्हणतात, पण मी अकरा दिवस डोकंच चालवत होते, फक्त स्वतःला वाचवायला. चूक घाईत झाली, ती मी समजू शकते. 'कालच' मात्र घाईत म्हटलं नव्हतं.

आजी दोन वर्षांनी गेल्या, अंथरुणातच, शांतपणे. शेवटच्या भेटीत मी त्यांच्या पायाशी बसले होते. सांगावं म्हणून तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात थोपटला आणि डोळे मिटले. त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं. सुनंदाताईंना नाही.

दुकान बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. ती ब्लूप्रिंट मी घरी आणली, कपाटात कपड्यांखाली ठेवली. मधूनमधून खिडकीशी नेऊन बघते. उजेडात ठेवली की ती फिकी होते, थोडं हायसं वाटतं. कपाटात परत ठेवली की काही दिवसांत वर्तुळ पुन्हा जसंच्या तसं.

दर दिवाळीला सुनंदाताईंकडून फराळाचा स्टीलचा डबा येतो. आता सर नाहीत, सुनंदाताईंचे स्वतःचे गुडघे दुखतात, तरी रिक्षा करून येतात. चकली खुसखुशीत असते. हा दिवाळी अंक त्या दर वर्षी घेतात, वाचून झाला की माझ्याकडे देतात, म्हणून मी इथेच लिहायचं ठरवलं. सुनंदाताई, कालच नव्हे. अकरा दिवस आधी. मला माहीत होतं आणि मी खण लावून घेतला.

गेल्या वर्षीचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा डबा परत करू नये म्हणून दर वर्षी मी त्यात साखर घालून देते. यंदा साखर घातलेली नाही. तो कागद घडी करून डब्यात ठेवला आहे आणि झाकण लावलं आहे. अंक त्यांच्या हातात पडेल त्याच दिवशी डबाही पोचेल. आत अंधार आहे, त्यामुळे त्या उघडतील तेव्हा विहीर स्पष्ट दिसेल.